शेट वालचंद हिराचंद आणि जर्मन पाणबुडी

मनुष्याने आयुष्यात काय मिळविले, ह्यावरून त्याची योग्यता ठरविण्याची जगाची रीत आहे. परंतु त्याने काय गमाविले आणि गमाविल्यावर तो काय करीत राहिला, हे पाहिल्यावाचून चरित्राचा अभ्यास पुरा होत नाही, असे आम्हांस वाटते. ह्या दृष्टीने शेट वालचंद हिराचंद ह्यांचे चरित्र आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो. साखर, विमाने व मोटारी ह्यांच्या कारखान्यांशी जोडलेले त्यांचे नाव बहुतेकांस ठाऊक आहे. जहाजांच्या धंद्यात त्यांस काय सोसावे लागले, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. आणि त्या सोसण्यात हांबुर्गच्या गोदीत जन्मलेल्या एका जर्मन पाणबुडीचाही वाटा आहे.

आमचे तळवडे इंद्रायणीच्या काठी वसलेले. समुद्र येथून सह्याद्रीच्या पलीकडे. तरीही पिंपरी, चिंचवड, चाकण व तळवडे ह्या टापूत जो माल तयार होतो, त्यातला पुष्कळसा घाट उतरून न्हावाशेवा बंदरास जातो व तेथून परदेशी रवाना होतो. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांचे वडील व बंधू ह्याच उद्योगांत काम करतात. तेव्हा ज्या देशाचा माल, त्या देशाचे जहाज असावे की नसावे, हा प्रश्न आम्हांस परका नाही. वालचंदशेटांचे अर्धे आयुष्य ह्या एका प्रश्नात खर्ची पडले.

वालचंदांचा जन्म सोलापूर येथे २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे गुजरातेतील, जैनधर्मी, परंतु फार वर्षांपासून महाराष्ट्रात स्थायिक झालेले. वडील हिराचंद नेमचंद दोशी कापसाचा व्यापार व सावकारी करीत. आईच्या मायेला वालचंद जन्मानंतर थोड्याच दिवसांत पारखे झाले. शालेय शिक्षण सोलापुरास आटोपून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात व पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. पण पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांस घरच्या व्यापारात लक्ष घालावे लागले. त्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. पेढीवर बसून व्याजाचा हिशेब करण्यापेक्षा चार माणसे हाताशी धरून काही उभारावे, अशी त्यांची वृत्ती होती.

ती संधी त्यांस रेल्वेने दिली. लक्ष्मण बळवंत फाटक हे रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटदारीत शिरलेले गृहस्थ होते. त्यांच्याशी भागी करून वालचंदांनी बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहानशा फाट्याचे काम घेतले. एकाजवळ अनुभव होता, दुसऱ्याजवळ भांडवल व हिंमत. कामामागून कामे मिळत गेली. पुढे टाटा कन्स्ट्रक्शन ह्या कंपनीच्या द्वारे बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे अवघड काम त्यांच्या हातून झाले. चिंचवडहून मुंबईस जाताना लोणावळ्याच्या पुढे गाडी काळोखात शिरते, तेव्हा खिडकीपाशी बसलेल्या मुलांनी ह्या माणसाची आठवण करावयास हरकत नाही.

येथवरचे चरित्र एका हुशार कंत्राटदाराचे आहे. खरी कसोटी पुढे लागली.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे ह्यांनी त्या युद्धात जखमी सैनिकांसाठी एक मोठी आगबोट विकत घेऊन दिली होती. तिचे नाव ‘लॉयल्टी’. ती आता विकावयाची आहे, हे वालचंदांच्या कानी आले. बोटींचा धंदा त्यांस मुळीच ठाऊक नव्हता. तथापि नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास ह्या मुंबईच्या धनिकांस सोबतीस घेऊन त्यांनी ती बोट घेतली, आणि १९१९ च्या मार्चमध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. महाराजांच्या घराण्यावरूनच कंपनीस ‘सिंदिया’ हे नाव मिळाले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ने मुंबईहून लंडनकडे प्रस्थान ठेविले. हिंदी लोकांच्या मालकीची बोट त्या दूरच्या मार्गाने निघाली, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. वालचंद स्वतः त्या सफरीवर होते. स्वतंत्र भारतात १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो, तो ह्याच सफरीच्या स्मरणार्थ.

परंतु प्रस्थान ठेवणे निराळे आणि धंदा चालविणे निराळे. ‘लॉयल्टी’ जुनी होती, खर्चीक होती. ती कंपनीस लाभली नाही व चार वर्षांतच मोडीत निघाली. शिवाय समुद्र मोकळा नव्हता. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील माल व उतारू ह्यांची ने-आण मुख्यत्वे ब्रिटिश इंडिया कंपनीच्या हाती होती व तिचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप होते. नव्या कंपनीस बुडविण्याची दोन साधने ह्या बड्या कंपन्यांजवळ असत. पहिले साधन म्हणजे भाडे पाडणे. ज्या मार्गावर नवी बोट येई, त्या मार्गावर तोटा सोसूनही भाडे इतके उतरवावयाचे की, नव्या कंपनीची गंगाजळी आटून जावी. दुसरे साधन अधिक सूक्ष्म होते. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्याचा काही अंश त्यास काही महिन्यांनी परत मिळे. पण अट अशी की, मधल्या काळात त्याने दुसऱ्या कोणाच्या बोटीने एक पोतेही पाठविलेले नसावे. परत मिळावयाची रक्कम बड्या कंपनीच्या हाती अडकलेली असल्यामुळे व्यापारी मनात असूनही हिंदी बोटीकडे वळत नसे. वरून पाहता सूट आणि आतून पाहता बेडी, असा हा प्रकार होता.

अखेर १९२३ साली सिंदिया कंपनीस दहा वर्षांचा करार पत्करावा लागला. त्यान्वये कंपनीने किनाऱ्यावर केवळ मालाची वाहतूक करावी, उतारू घेऊ नयेत, व आपला ताफा ७५ हजार टनांच्या आत ठेवावा, असे ठरले. आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर आपल्या बोटींस दुसऱ्याने मर्यादा आखून द्यावी, हे वालचंदांस बोचत राहिले. पण करार मोडून कंपनी बुडविण्यापेक्षा करार पाळून ती जगविणे त्यांनी पसंत केले. किनाऱ्यावरील व्यापार हिंदी जहाजांसाठी राखून ठेवावा, ह्यासाठी श्री. हाजी ह्यांनी १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. ते कायद्यात उतरले नाही. १९२९ साली नरोत्तम मोरारजी मोटार अपघातात वारले आणि कंपनीच्या अध्यक्षपदाचा भार वालचंदांवर आला. तो त्यांनी पुढे एकवीस वर्षे वाहिला.

सिंदियाच्या बहुतेक बोटींची नावे ‘जल’ ह्या शब्दाने सुरू होत. जलराजन, जलतरंग, जलपालक, जलपद्म, जलबाला, अशी ती गोड नावे होती. पण नाव देशी असले तरी डोलकाठीवरील निशाण देशी नव्हते. ह्या बोटींची नोंद ब्रिटिश जहाजे म्हणून होई व त्यांवर ब्रिटिश व्यापारी जहाजांचा तांबडा ध्वज फडके. शांततेच्या काळात ही गोष्ट विसरता येत असे. युद्ध आले आणि ती विसरणे अशक्य झाले.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. येथील लोकप्रतिनिधींस विचारण्यात आले नाही. त्या दिवसापासून जलबालेसारखी बोट जर्मनीच्या दृष्टीने शत्रूची बोट झाली. जिच्या मालकांशी ब्रिटिश कंपन्या वीस वर्षे झुंजत आल्या होत्या, तीच बोट आता ब्रिटिश म्हणून बुडविण्यास पात्र ठरली! आपला ध्वज नसणे म्हणजे काय, हे ह्याहून अधिक स्पष्ट करून सांगता येणार नाही.

आता आम्ही वाचकांस सोलापूरहून एकदम उत्तर जर्मनीत नेतो. एल्ब नदीवरील हांबुर्ग शहरात ‘डॉइच वेर्फ्ट’ नावाच्या गोदीत १९४२ च्या ऑगस्टमध्ये एक पाणबुडी पाण्यात सोडण्यात आली व ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ती जर्मन नौदलात दाखल झाली. तिला नाव नव्हते, केवळ क्रमांक होता: यू-५३२. लांबी सुमारे २५० फूट. वजन अकराशे टनांहून अधिक. आत पन्नासांवर माणसे. टॉर्पेडो, म्हणजेच पाणतीर, सोडण्यासाठी चार नळ्या पुढे व दोन मागे होत्या, आणि बावीस पाणतीर वाहून नेण्याची सोय होती. कप्तानाचे नाव ओटोहाइनरिख युंकर.

त्या काळची पाणबुडी माशासारखी सदासर्वदा पाण्याखाली राहत असे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ती बुडी मारू शकणारी बोट होती. तेलावर चालणाऱ्या तिच्या यंत्रांस हवा लागे, म्हणून लांबचा प्रवास ती पाण्यावरूनच करी. पृष्ठभागावर तिचा वेग ताशी अठरा सागरी मैलांपर्यंत जाई. पाण्याखाली गेल्यावर विजेच्या घटांवर चालावे लागे व वेग सातांवर येई. घट उतरले की पुन्हा वर येऊन ते भरून घेणे प्राप्त असे. ह्यामुळेच, आकाशातून विमाने टेहळणी करू लागली तेव्हा पाणबुडीचे दिवस फिरले. १९४३ च्या एका मे महिन्यात जर्मनीच्या चाळीसांहून अधिक पाणबुड्या नाश पावल्या व अटलांटिक महासागरातून त्यांस काही काळ माघार घ्यावी लागली.

तेव्हा जर्मन नौदलाने दूरच्या हिंदी महासागराकडे मोर्चा वळविला. तेथे जहाजे पुष्कळदा एकेकटी जात व त्यांस संरक्षण कमी असे. पावसाळ्याच्या अखेरीस एकाएकी तेथे प्रकट व्हावे, असा बेत करून ह्या तुकडीस ‘मॉन्सून’ असेच नाव देण्यात आले. आमच्या शेतकऱ्याच्या जिवाभावाचा शब्द असा युद्धाच्या कामी लागला. यू-५३२ ही फ्रान्सच्या लोरियां बंदरातून ३ जुलै १९४३ रोजी निघाली. तुकडीत अकरा पाणबुड्या होत्या. वाटेतच विमानांनी अनेक बुडविल्या व हिंदी महासागरात पाचच पोहोचल्या. आफ्रिकेस वळसा घालून आलेल्या ह्या बोटींनी मॉरिशसजवळ ‘ब्राके’ नावाच्या जर्मन तेलवाहू जहाजाकडून तेल घेतले व मग त्या शिकारीस लागल्या. एक मुंबईच्या समोरील समुद्रात आली, एक ओमानच्या आखाताकडे गेली, आणि यू-५३२ दक्षिणेकडे वळली.

१९ सप्टेंबर १९४३ रोजी तिने ‘फोर्ट लाँगेल’ हे मालवाहू जहाज बुडविले. त्यावरील एकोणसाठ माणसांपैकी दोघेच वाचले, आणि ते दोघेही हिंदी खलाशी होते. एका तराफ्यावर ते १३४ दिवस समुद्रात वाहत गेले व सुमात्राच्या बाजूस किनाऱ्यास लागले, तो तेथे जपान्यांनी त्यांस कैद केले. सव्वाचार महिन्यांहून अधिक काळ उघड्या समुद्रावर, ऊन, पाऊस व तहान ह्यांशी झगडत त्यांनी जीव कसा धरून ठेवला असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी. त्यानंतर ‘बॅन्फशायर’ व ‘तहसिनिया’ ही जहाजे बुडाली. आणि ११ ऑक्टोबर १९४३ रोजी मलबारच्या किनाऱ्याजवळ यू-५३२ च्या पाणतिराने सिंदिया कंपनीच्या जलबालेस जलसमाधी दिली. बोटीवरील बहुतेक माणसे वाचली. काही मात्र घरी परतली नाहीत. ऑक्टोबर संपता संपता पाणबुडी जपान्यांच्या ताब्यातील पेनांग बंदरात जाऊन पोहोचली.

जलबाला ही सिंदियाने गमाविलेली पहिली बोट नव्हती. १९४२ च्या जानेवारीतच जपानी पाणबुड्यांनी जलराजन, जलतरंग व जलपालक ह्या तिघींस बुडविले होते. पुढे १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ह्या बोटीस आग लागली. एकाच बोटीत कापूस व दारूगोळा भरलेला असल्यामुळे जो स्फोट झाला, त्याने गोदी व आसपासची वस्ती हादरून व जळून गेली. त्या दिवशी सिंदियाची जलपद्म बोट शेजारीच उभी होती. स्फोटाच्या तडाख्याने तिचा अवजड भाग उचलला जाऊन धक्क्यावर फेकला गेला. कंपनीची ‘एल हिंद’ बोटही त्याच आगीत नष्ट झाली. शत्रूच्या पाणतिरापासून जी वाचली, ती घरच्या बंदरात निष्काळजीपणाने गेली, असे म्हणावे लागते.

बोटींची गणती करता येते व विम्याचे पैसेही काही अंशी मिळतात. माणसांची भरपाई कशाने होणार? रत्नागिरीच्या खाड्यांकाठचे, गोमंतकातील गावांचे, सिल्हेटचे व नोआखालीचे हजारो खलाशी त्या युद्धात ब्रिटिश व हिंदी बोटींवर होते. कोणी इंजिनाच्या तळघरात कोळसा ओढी, कोणी सुकाणू धरी, कोणी स्वयंपाक करी. पाणतीर बहुधा बोटीच्या पोटात लागे, म्हणून भट्टीपाशी राबणाऱ्यास वर येण्यास सवड मिळणे कठीण. ब्रिटिश बोटींवर ह्या लोकांस गोऱ्या खलाश्याच्या मानाने वेतनही फार थोडे असे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी व्यापारी जहाजांवरील सुमारे सहा हजार खलाशी मृत्यू पावले व ज्यांस समुद्रावाचून दुसरी कबर नाही, अशांची नावे मुंबई व चितगाव येथील स्मारकांच्या नोंदवहीत लिहिलेली आहेत. सैनिकास पदके मिळतात, पोवाडे मिळतात. धान्य व तेल वाहून नेणाऱ्या खलाश्याच्या वाट्यास बहुधा नोंदवहीतील एक ओळच येते.

न्यायाने पाहू गेल्यास पलीकडच्या बाजूचीही गोष्ट सांगितली पाहिजे. मॉन्सून तुकडीतील यू-५३३ ही पाणबुडी जलबालेनंतर पाचच दिवसांनी ओमानच्या आखातात विमानाच्या माऱ्याने बुडाली व तिच्यातील त्रेपन्न माणसांपैकी एकटा मनुष्य वाचला. जर्मनीच्या पाणबुड्यांवर काम केलेल्या सुमारे चाळीस हजारांपैकी तीस हजारांच्या आसपास परत आले नाहीत. ती बहुतेक विशी-पंचविशीतील मुले होती. ज्या राजवटीसाठी ती लढली, ती राजवट अन्यायाची व क्रौर्याची होती, ह्यात संशय नाही. तथापि आईच्या डोळ्यांतील पाणी हांबुर्गात व हर्णै बंदरात सारखेच खारट असते.

यू-५३२ पुढेही फिरत राहिली. १९४४ च्या आरंभी तिने आणखी दोन जहाजे बुडविली. १९४५ च्या जानेवारीत ती बटाव्हियाहून जर्मनीस परत निघाली, तेव्हा तिच्या पोटात पाणतिरांपेक्षा माल अधिक होता: कथील, रबर, वुल्फ्रॅम, क्विनीन. ज्या पाणबुडीने इतरांचा माल बुडविला, तीच शेवटी मालवाहू बोट झाली, कारण तिच्या देशाचे व्यापारी जहाज समुद्रावर उरलेच नव्हते. वाटेत तिने दोन जहाजांचा घास घेतला. परंतु घर गाठण्यापूर्वीच मे महिन्यात जर्मनी शरण आली. यू-५३२ ने स्कॉटलंडच्या किनाऱ्यास शरणागती दिली, तिला लिव्हरपुलास आणून माल उतरवून घेण्यात आला, आणि डिसेंबर १९४५ मध्ये विजेत्यांनी इतर अनेक पाणबुड्यांबरोबर तिलाही अटलांटिक महासागरात बुडवून टाकिले. तीन वर्षे व एक महिना एवढे तिचे आयुष्य. त्यात आठ जहाजे बुडविली, हीच तिची कमाई.

आता आपण पुन्हा वालचंदशेटांकडे वळू. बोटी बुडत असता हा मनुष्य काय करीत होता? तो बोटी बांधण्याची गोदी उभारीत होता. परदेशातून बोटी विकत घेत राहिल्याने देश दर्यावर्दी होत नाही, त्या येथे बांधल्या गेल्या पाहिजेत, हे त्यांनी फार पूर्वी ओळखले होते. कलकत्त्यास जागा मागितली. ती मिळाली नाही. अखेर पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणम् निवडले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते तेथे कोनशिला बसविण्यात आली. वर्षही झाले नाही, तोच ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणम् वर बाँब टाकले. कामगार पांगले, काम थांबले. युद्धकाळात यंत्रसामग्री मिळणे दुरापास्त. दुसऱ्या कोणी हा नाद सोडला असता.

विमानांच्या बाबतीतही त्यांस हाच अनुभव आला. १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळूर येथे त्यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना काढिला. १९४२ साली युद्धाच्या निकडीपायी तो सरकारने आपल्याकडे घेतला. मोटारींचा कारखाना काढण्यास युद्धापूर्वी सरकारी पाठबळ मिळाले नव्हते; तरी १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली व कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली मोटारी बाहेर पडू लागल्या. ह्याच कंपनीने पुढे चिंचवड येथेही कारखाना काढला, हे आमच्या भागातील जुन्या कामगारांस आठवत असेल. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात माळरानावर वसविलेले वालचंदनगर तर त्यांचे नावच वागविते.

१४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणम् च्या गोदीतून ‘जलउषा’ ही आठ हजार टनांची आगबोट पाण्यात सोडण्यात आली. समारंभास पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू आले होते. स्वतंत्र भारतात बांधलेली ही पहिली मोठी आगबोट. जलबाला बुडून तेव्हा साडेचार वर्षे झाली होती. नाव त्याच घराण्यातील होते. परंतु आता तिच्यासाठी स्वतःचा ध्वज होता. पुढे १९५० च्या सुमारास किनाऱ्यावरील व्यापारही भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्यात आला. जे १९२८ साली मागितले, ते बावीस वर्षांनी मिळाले.

हे वैभव वालचंदांनी फार काळ पाहिले नाही. १९४९ साली त्यांस पक्षाघाताचा झटका आला व १९५० साली ते कामकाजातून निवृत्त झाले. १९५२ साली गोदीचा मोठा हिस्सा सरकारने घेतला व ती हिंदुस्थान शिपयार्ड ह्या नावाने चालू लागली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे वालचंदशेटांचे निधन झाले. त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते.

वालचंद संत नव्हते, आणि त्यांस तसे रंगविण्याचा आमचा विचार नाही. ते व्यापारी होते. नफा त्यांस हवा होता. सरकारशी भांडताना सरकारचीच कंत्राटे घेणे त्यांस विसंगत वाटले नाही. एका वेळी अनेक कामांस हात घालण्याच्या त्यांच्या सवयीने त्यांचे भागीदार चिंतेत पडत. परंतु त्यांच्या चरित्रात एक गोष्ट वारंवार दिसते. लॉयल्टी मोडीत निघाली, तेव्हा त्यांनी ताफा वाढविला. करार गळ्यात पडला, तेव्हा मुदत संपण्याची वाट पाहत तयारी केली. बोटी बुडू लागल्या, तेव्हा गोदीचे काम सोडले नाही. तोट्याचे उत्तर त्यांनी दर वेळी नव्या कामाने दिले. रडगाणे गाण्यास लागणारी फुरसत त्यांनी स्वतःस कधी दिली नाही.

काळाची गंमत अशी की, १९९२ साली मुंबईच्या माझगाव गोदीत भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शल्की’ नौदलात दाखल झाली, आणि तिचा आराखडा जर्मनीतील कील येथील गोदीचा होता. भारताची अणुशक्तीवर चालणारी ‘अरिहंत’ पाणबुडी तयार झाली, तेव्हा तिच्या यंत्रसामग्रीचा काही भाग वालचंदनगरच्या कारखान्याने पुरविला. ज्या शस्त्राने जलबाला बुडाली, ते शस्त्र घडविण्याची विद्याही शेवटी ह्या देशाने आत्मसात केली. ती विद्या रक्षणासाठीच वापरली जावी, एवढीच प्रार्थना.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण उद्या ह्याच औद्योगिक टापूत यंत्रांपुढे किंवा संगणकापुढे बसतील. एखादा समुद्रावरही जाईल. चाकणच्या रस्त्याने मालाच्या अवजड पेट्या लादलेली वाहने घाटाकडे जाताना दिसतील, तेव्हा तो माल पुढे कोणाच्या जहाजात चढणार व त्या जहाजावर कोण राबणार, हा विचार त्यांनी अवश्य करावा. आणि जलबालेवरून घरी न परतलेल्या खलाश्यांस मनोमन एक नमस्कार करावा. त्यांची कीर्ती कोणी गायिली नाही, परंतु वालचंदशेटांच्या मोठेपणात त्यांचाही हिस्सा आहे.